हातचा एक

गीव्हस्टनच्या पुढे, डांबर संपतं तिथून तिसरं फाटक,
असं त्यानं फोनवर सांगितलं होतं.
दुसऱ्यात कुत्रा आहे, म्हणाला.
मी दुसरंच उघडलं.

जुलैची सकाळ. गवतावर दहिवर गोठून पांढरं,
सफरचंदाच्या बागांत नुसत्या काटक्या,
आणि पत्र्याच्या शेडच्या दारात लिंडसे व्हॉस्पर,
कानावर पेन्सिल, पायात घरातल्या लोकरी चपला.
"शाळेची बस चालवतेस ती तूच?"
मीच.
"मग कुरकुर कुठून येते ते कळत असेल तुला."

त्यानं ताडपत्री ओढली.
बिडाचं टेबल, दहा इंची पातं,
तळवा टेकतो तेवढ्याच जागी हिरवा रंग उडालेला.
मी घरून प्रश्न पाठ करून आले होते:
बेअरिंग वाजतं का, शाफ्टला खेळ आहे का,
मोटर कधी जळून पुन्हा भरलीय का.
एकही विचारावा लागला नाही.
आपल्याच मालाची इतकी बदनामी करणारा विक्रेता
मी आजवर पाहिला नव्हता.
बटण थंडीत अडकतं, अंगठ्यानं नाही, गुडघ्यानं दाबायचं.
पट्टा मागच्या ईस्टरला बदललाय, पण स्वस्तातला.
आणि गाईड खोटं बोलतं:
पट्टीवर पन्नास लावलं की फळी एकोणपन्नास निघते.
"हातचा एक धरायचा," तो म्हणाला,
आणि एक दाखवायला डावा हात वर केला.
तर्जनी होती. तिच्या शेजारचं अर्ध्यावर संपलेलं.

मी बघितलं. मी बघितलं हे त्यानं बघितलं.
"हिनं नाही," करवतीला हलकीच चापट मारत म्हणाला,
जशी गाईच्या पाठीवर मारतात.
"मेंढ्यांच्या ट्रकच्या फाळक्यात गेलं ते.
लोक उगाच हिचं नाव घेतात.
दोन गिऱ्हाइकं तेवढ्यावरून परत गेली."

मग त्यानं माझ्याकडे नाणं मागितलं.
मी पन्नास सेंटचं काढलं, तर हसला.
"बारा कडांचं ते, होडीतसुद्धा उभं राहील. गोल दे."
टेबलावर त्यानं डॉलर कडेवर उभा केला,
गुडघ्यानं बटण दाबलं.
खिडकीची काच, डब्यातले खिळे, माझ्या दाढा,
शेडमधलं सगळं थरथरायला लागलं.
डॉलर उभा.

घासाघीस उलटीच झाली.
साडेतीनशे, तो म्हणाला. मी तोंड उघडायच्या आत
बटणाचे तीस त्यानंच वजा केले.
"गाईडचे वीस."
गाईडचे नकोत, मी म्हणाले. का म्हणाले माहीत नाही.
तीनशे वीस.
डॉलर त्यानं खिशात टाकला. मी मागितला नाही.

शेजारच्या कोरीनं आणि मी ट्रेलरवरून उतरवली,
त्यात गॅरेजच्या चौकटीचा एक टवका गेला.
रात्री करवतीच्या पोटाचं झाकण उघडलं.
वर ह्यूऑन पाइनचा भुसा, पिवळट, अजून गोड वासाचा.
खाली ब्लॅकवूडचा, कॉफीच्या चोथ्यासारखा.
सगळ्यात तळाशी मर्टलचा गुलाबी थर, बोटभर.
किती दारं, किती वल्ही, कोणाकोणाची कपाटं,
मी हिशेब लावत बसले आणि चहा निवला.
मग व्हॅक्यूम लावला. भुसा शेवटी भुसाच.

नाणं उभं केलं. पडलं.
परत. पडलं.
तिसऱ्यांदा पन्नास सेंटचं ठेवलं आणि झोपायला गेले.

रविवारी त्याचा फोन.
पैसे तर मी त्याच दिवशी रोख दिले होते.
"उभं राहतं का?"
राहतं, म्हटलं.
पलीकडे बराच वेळ काही नाही, नुसती किटली.
"मागच्या डाव्या पायाखाली पाचर घाल.
पाइनची नको, दबते."
आणि ठेवता ठेवता:
"गोल नाण्यानं बघ."